दोन रुपयांची नोट, दोन्ही बाजूंनी दिसेल अशी फ्रेम

आजोबांच्या पोथीत निघालेली जुनी नोट फ्रेम करायला मी या दुकानात दिली होती. घरी आणून तीन आठवडे झाले. येता-जाता बघते आहे, आता लिहायला हरकत नाही.

नोट दोन रुपयांची, सहाव्या जॉर्जच्या छापाची, आणि खाली सही रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर सी. डी. देशमुखांची. आजोबा रोह्याचे. नोटेच्या मागच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, ‘मोडू नये’. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, माणसाची सही नोटेवर आली, याचं त्यांना फार होतं.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथे नोट न बघताच ‘लॅमिनेट करून टाकू’ म्हणाले. एकदा प्लास्टिक चिकटलं की ते सुटत नाही. मी नोट वहीत घालून तशीच निघाले.

इथल्या काकांनी आधी हात धुऊन कोरडे केले, नोट कोऱ्या कागदावर घेतली आणि उलटली. ‘मोडू नये’ वाचून म्हणाले, “ताई, ही मागची बाजूही दिसायला हवी.” मी सांगायच्या आधी! डिंक नाही, टेप नाही. चार कोपऱ्यांना पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे, नोट नुसती त्यांत बसवलेली. माउंट, म्हणजे नोटेभोवतीचा पुठ्ठा, अ‍ॅसिड-फ्री, काच पुढूनही आणि मागूनही, आणि काच नोटेला टेकू नये म्हणून मध्ये बारीक पट्टी. घड्या इस्त्रीने मोडू का विचारलं, तर स्पष्ट नाही म्हणाले.

नोटेखाली माहितीची चिठ्ठी लावून देतात, पण पाच ओळींचीच. इथे मी अडले.

मी एकतीस वर्षं बँकेत परकीय चलन विभागात काढली. देशमुखांना पाच ओळींत कसं बसवायचं? जन्म 1896 चा, महाडजवळ नाते गावचा. 1918 साली लंडनला आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सनदी सेवेच्या, परीक्षेत पहिले. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. काकांनी एवढं लिहून घेतलं आणि म्हणाले, “झालं की.” मी म्हटलं, खरं पुढेच आहे.

जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला 44 देश जमले आणि तिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ) आणि जागतिक बँक ठरली. भारत अजून पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या मंडळातले इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेझमन. पण बरोबर देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते. युद्धासाठी ब्रिटनने इथून जे उचललं त्याचे पैसे पौंडांत लंडनला अडकून पडले होते. ते सुटण्याची काही वाट नाणेनिधीतून काढा, असा या मंडळींनी आग्रह धरला. ब्रिटनच्या बाजूने आलेले अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी भारताचे आभार मानले आणि हा आमचा आपसातला व्यवहार, असं म्हणून विषय बाजूला ठेवला. पैसे तिथे सुटले नाहीत. पण कोट्यासाठी, म्हणजे नाणेनिधीतल्या देशाच्या वाट्यासाठीही, ही माणसं भांडली आणि 40 कोटी डॉलर पदरात पडले, यादीत सहावा क्रमांक. पुढे रशिया नाणेनिधीत आलाच नाही, म्हणून भारत पाचवा झाला आणि पहिल्या पाचांत असल्याने नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळावर आपला संचालक स्वतः नेमायचा हक्क मिळाला. स्वातंत्र्याच्या आधी! माझ्या नोकरीत नाणेनिधीचं नाव रोजचं होतं, त्यामुळे हे सांगताना माझा गळा दाटून येतो.

काकांनी काउंटरवरचं काम बाजूला ठेवून ऐकलं. मग त्यांनीच विचारलं, “मुंबईसाठी राजीनामा दिला ते हेच ना?” हेच. 1952 ला कुलाब्यातून निवडून आलेले अर्थमंत्री, 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून पद सोडून मोकळे झाले. आजोबांनी त्यांना मत दिलं होतं.

शेवटी नाते, गव्हर्नर, ब्रेटन वूड्स, राजीनामा असं राहिलं आणि पाचव्या ओळीत आजोबांचं नाव. आयसीएसचा पहिला नंबर काढला. मॅगसेसे पुरस्कार, विद्यापीठ अनुदान आयोग आणि त्यांनी मराठीत आणलेलं मेघदूत बसलं नाही, त्याचं वाईट वाटतं. मोठी चिठ्ठी करता आली तर दुकानाने जरूर करावी.

खर्च 1,850 रुपये. आठ दिवस सांगितले होते, अकरा लागले, पण उशीर होणार हे फोन करून कळवलं. चिठ्ठीतल्या ‘ब्रेटन’वर मात्रेऐवजी चुकून दीर्घ वेलांटी पडली होती, ती समोर बसून बदलून दिली.

नोट नेताना वहीत सपाट ठेवून न्या, घडी घालू नका. आणि चिठ्ठीचा मजकूर घरीच लिहून न्या, मला तिथे पाऊण तास लागला.