बाबागाडी घेताय? मोठी की घडीची, दोन्ही वापरून झाल्यावरचं मत

मोठी बाबागाडी आमच्याकडे बहिणीकडून आली. तिच्या मुलाची वापरून झालेली, पण धडधाकट. लेक थोडी मोठी झाली आणि शनिवार-रविवारी बाहेर पडणं वाढलं, तेव्हा आम्ही घडीची छोटी घेतली. आता मोठी दाराआड उभी असते आणि छोटी रोज बाहेर पडते. माझा कल कुठे आहे हे यावरून कळलंच असेल. तरी मोठीची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडते.

पहिले काही महिने मोठीला तोड नाही. मान न धरलेल्या बाळाला सपाट झोपता यायला हवं, आणि मोठ्या गाडीत पाळणाच बसवता येतो. छोट्या गाड्यांच्या खोक्यावर 'जन्मापासून' असं बिनदिक्कत छापलेलं असतं. युरोपातल्या ईएन 1888 या मानकाप्रमाणे तान्ह्या बाळासाठीच्या गाडीची पाठ किमान 150 अंशांपर्यंत मागे जायला हवी. दुकानात पाठ पूर्ण मागे पाडून बघा. काही छोट्या गाड्यांची पाठ खरंच तेवढी जाते, तर काहींची आरामखुर्चीइतकी कलते आणि तिथेच थांबते. दुसऱ्या प्रकारची गाडी बाळ स्वतःचं स्वतः बसायला लागेपर्यंत नकोच.

काही मोठ्या गाड्यांवर कार सीट थेट बसवता येते. ही सोय मोहात पाडणारी आहे. झोपलेलं बाळ न हलवता मोटारीतून गाडीवर येतं, पण मग ते तासन्‌तास तसंच अर्धवट बसलेल्या अवस्थेत झोपून राहतं, आणि बालरोगतज्ज्ञ नेमकं तेच टाळायला सांगतात. कार सीट प्रवासापुरती. मुक्कामी पोचलं की बाळाला सपाट जागी हलवायचं, मग ते जागं झालं तरी चालेल.

चालवायला मोठी गाडी सुखाची. खडी, फरसबंदी, बागेतली ओली माती, सगळ्यावरून ती मुकाट जाते. छोटीच्या चाकांना प्रत्येक फट कळते. फरसबंदीवर लेकीचे गाल थरथरायला लागतात आणि ती झोपेतच कपाळाला आठी घालते. लिफ्टच्या दारातल्या खाचेत पुढचं चाक आडवं होऊन अडकलं, की मागून येणाऱ्यांची माफी मागत गाडी उलटी फिरवून आत घ्यावी लागते. माफक त्रास आहे, सवय होते.

तिसरी गोष्ट बाळाचं तोंड कुठे असावं याची. सीट उलटसुलट करता येणाऱ्या गाडीचं पेटंट अमेरिकेत विल्यम रिचर्डसन यांनी 1889 सालीच घेतलं होतं, म्हणजे हा वाद आपल्या पणजीच्या काळापासूनचा. 2008 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनी केलेल्या पाहणीत, बाळाचं तोंड आपल्याकडे असलं की आईवडील त्याच्याशी जास्त बोलतात असं दिसलं. हे पटण्यासारखं आहे. समोर चेहरा असला की बोललं जातंच. बहुतेक छोट्या गाड्यांत बाळ पुढे तोंड करून बसतं आणि आपल्याला वरून फक्त टोपी दिसते. पहिल्या सहा-आठ महिन्यांत मला हे खटकलं असतं. पुढे लेकीलाच माझ्या चेहऱ्यापेक्षा रस्त्यावरचे कुत्रे जास्त आवडायला लागले, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला.

एवढं सगळं मोठीच्या पारड्यात पडूनही ती दाराआड गेली, त्याचं कारण तिची घडी.

आमच्या गाडीची घडी अशी: आधी सीटखालचे दोन्ही खटके एकदम दाबून सीट उचलून काढायची आणि बाजूला ठेवायची. जमीन ओली असेल तर कुठे ठेवायची हे तुमचं तुम्ही बघा. मग सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या एकाच वेळी वर ओढायच्या आणि हँडल खाली लोटायचं. दोन्ही हात मोकळे असतील तर अगदी सोपं काम. पण तान्ह्या मुलाच्या आईचे दोन्ही हात मोकळे असतात, हे कुठल्या माणसाने गृहीत धरलं कोण जाणे. नवरा बरोबर असला की काही अडत नसे. मी एकटी असले की बाळ कडेवर, खांद्यावर बॅग, आणि एका हाताने एकच कडी ओढली जायची. दुसरी ओढायला जावं तोवर पहिली परत जागेवर बसलेली. मोटारीने गेलं तर लेकीला आधी कार सीटमध्ये अडकवता यायचं, मात्र मी मागे डिकीपाशी गेले की तिला दिसेनाशी व्हायचे आणि आतून रडण्याचा सूर लागायचा. बस असो, जिने असोत, तिथे तर बाळ ठेवायला जागाच नाही. अनोळखी माणसाला विनंती करायची, तर त्यालाही ती घडी समजावून सांगावी लागणार.

डिकीचंही तेच. एका बाजूला सीट, एका बाजूला सांगाडा, मधे चाकांची माती. दोन दिवसांसाठी बाहेर जायचं तर कपड्यांची बॅग मागच्या सीटवर कार सीटच्या शेजारी आणि डायपरची पिशवी माझ्या पायाशी.

हळूहळू असं झालं की बाहेर जायचा विषय निघाला की मी आधी गाडीचा विचार करायचे. जवळच जायचंय ना, राहू दे, कडेवरच घेते. संध्याकाळी कंबर बोलायला लागली की वाटायचं, गाडी काढायला हवी होती. सगळ्यांचं असंच होत असेल असं मी म्हणत नाही. जिना नसलेल्या घरात, दाराबाहेर गाडी तशीच उभी ठेवता येत असेल, तर दिवसेंदिवस घडी घालायची वेळही येणार नाही.

घडीच्या गाडीचा जन्मच मुळी अशा तारांबळीतून झाला. ओवेन मॅक्लारेन हे विमानक्षेत्रातले इंग्लिश अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. मुलगी नातवंडाला घेऊन विमानाने आली, तेव्हा जड बाबागाडी सांभाळताना होणारे तिचे हाल त्यांनी पाहिले आणि 1965 साली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंच्या आतली गाडी बनवली. आजच्या छोट्या गाड्या जाडजूड गाद्या आणि छत लेवून साधारण सहा-सात किलोंच्या झाल्या आहेत. मोठ्या गाड्या दहा किलोंच्या पुढे सहज जातात. जिना चढताना हा फरक मनगटाला लगेच कळतो.

आमची छोटी गाडी हँडलमधलं बटण दाबून पुढे लोटली की दुमडते आणि मिटल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहते. खांद्याला अडकवायला पट्टा आहे. 'एका हाताने मिटते' हे जाहिरातीतलं वाक्य मात्र जरा जपून घ्या. खालच्या जाळीत पाण्याची बाटली राहिली असेल तर ती मिटत नाही. बाळाचे पट्टे बाहेर लोंबत असले तर ते बिजागरीत सापडतात. म्हणजे आधी जाळी रिकामी करायची, पट्टे आत टाकायचे, मग तो एक हात. तरीही बाळ कडेवरून खाली ठेवावं लागत नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

बिजागरीचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट. 2009 मध्ये मॅक्लारेन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीची आच्छादनं दिली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं त्यात सापडून कापली गेली होती. कडेवरचं मूल वाकून हात घालतं, शेजारी उभं असलेलं तर हमखास घालतं. त्यामुळे कडेवर घ्यायचं ते दुसऱ्या बाजूला, त्याचा हात पोचणार नाही असं. मोठं मूल बरोबर असेल तर त्याला चार पावलं लांब उभं करा. गाडी मोठी असो की छोटी.

छोटीचे दोष मी झाकणार नाही. हँडलला पिशवी अडकवलीत आणि बाळाला उचललंत, की गाडी मागे कोसळते. बाळ आत असतानाही भरलेल्या पिशवीने ती मागे झुकते, म्हणून पिशवी माझ्याच पाठीवर असते. छत आखूड आहे, तिरपं ऊन थेट डोळ्यांवर येतं. अशा वेळी वरून दुपट्टा टाकायचा मोह होतो, तो आवरा. आत हवा कोंडते आणि बाळाचं अंग बघता बघता तापतं. त्यापेक्षा गाडीची दिशा बदलावी किंवा सावली गाठावी. जाळीत मावतं ते एक दुपटं आणि डायपरचा छोटा गठ्ठा. आठवड्याची खरेदी करायची तर मोठीच हवी. मूल अंगाने दणकट असेल तर वजनाची मर्यादाही बघा. काही गाड्या 15 किलोंपर्यंतच्या असतात, काही 22 पर्यंतच्या. पंधराची मर्यादा अपेक्षेपेक्षा लवकर येते.

विमानप्रवासासाठी म्हणून छोटी घेणार असाल तर 'केबिनमध्ये मावते' यावर विसंबू नका. प्रत्येक विमान कंपनीची मापं वेगळी. घडीची लांबी-रुंदी-जाडी लिहून घ्या आणि तिकिटाच्या नियमांशी ताडून बघा.

तेव्हा माझ्या मते: रोजचं लांब फिरणं, खडबडीत रस्ते, तान्हं बाळ आणि गाडी उघडीच ठेवायला जागा, असं असेल तर मोठी घ्या, तुम्ही सुखात राहाल. बाकीच्यांनी, विशेषतः दिवसभर एकटीने बाळ सांभाळणाऱ्या आईने, माझं ऐकायचं तर छोटी बघावी. पहिल्या सहा महिन्यांसाठी मोठी कुणाकडून वापरायला मिळाली तर फारच छान. तशी जुनी घेताना ब्रेक लावून उतारावर ढकलून बघा, पट्ट्यांची बकलं लागतात ना ते बघा, आणि बिजागरीवर आच्छादन आहे का ते चाचपा. नवीन घेताना विक्रेत्याला घडी घालू देऊ नका, त्याचा हात बसलेला असतो. बाळाला घेऊन जा, कडेवर ठेवा आणि तुम्हीच घालून बघा.