स्ट्रिप की मशरूम पॅच?

धाकट्या भावाचा खोपोलीहून फोन: "दादा, ट्यूबलेस टायर पंक्चर झालाय, स्ट्रिप मारू की मशरूम?"

वेळ बघशील तर स्ट्रिप. चाकही काढावं लागत नाही. खिळा उपटायचा, भोक खरवडायचं, सोल्यूशन लावलेली चिकट दोरी आत दाबायची, बाहेरचं शेपूट कापायचं. वर पाणी टाकून बुडबुडे येतात का, हे मात्र बघच.

मशरूम म्हणजे छत्रीसारखा, दांडा असलेला रबरी पॅच. त्याला टायर रिमवरून उतरवावा लागतो, पैसेही जास्त. पण हा पॅच आतून चिकटतो, दांड्याने भोकही भरतो. पाणी शिरून टायरमधल्या तारा गंजत नाहीत. टिकण्यात तोच सरस.

भोक 6 मिलिमीटरहून मोठं किंवा टायरच्या बगलेत असेल तर दोन्ही नकोत, स्टेपनी लाव.

रात्री घाटात अडकलास तर स्ट्रिप. पोरंबाळं घेऊन रोज हायवेला धावणाऱ्या गाडीला मशरूमच.