अ‍ॅम्पची पॉवर केबल: एक बावीस हजारांची, एक साडेसहाशेची

अ‍ॅम्प्लिफायरसोबत आलेली वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची (आतल्या तांब्याचा छेद) होती. रॅक हलवला तेव्हा ती भिंतीतल्या सॉकेटपर्यंत पोचेना आणि मध्ये एक्स्टेंशन बोर्ड मला नको होता. नवी केबल घ्यायची म्हटल्यावर सोसायटीतल्या एका काकांनी त्यांची परदेशी, बावीस हजारांची केबल काही दिवस वापरायला आणून दिली. "आवाजात फरक पडतो, एकदा ऐकाच," म्हणाले.

केबल दिसायला राजेशाही. अंगठ्याहून जाड, वर विणलेलं जांभळं कव्हर, पिनांना सोन्याचा मुलामा. पण ती वळता वळत नाही. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा लागला, आणि तरीही केबल स्वतःच्याच वजनाने अ‍ॅम्पच्या सॉकेटमधून सुटायला बघायची. शेवटी खाली दिवाळी अंकांचा गठ्ठा लावला. त्यात प्लग युरोपियन, म्हणजे भिंतीशी पुन्हा शंभर रुपयांचा अ‍ॅडाप्टर आलाच. त्या प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांना असतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच साध्या अ‍ॅडाप्टरमध्ये ते कशालाच जोडलेलं नसतं. म्हणजे वायर शाही आणि अर्थिंग गायब!

आता आवाज. मी मुख्यतः शास्त्रीय गाणं ऐकते. गायक सूर लावण्याआधी नुसता तानपुरा चालू असतो, तेव्हा मागची बारीकशी घरघरही लपत नाही. भाच्याला केबल बदलायला बसवलं, मी बाहेर थांबायचे, आणि कोणती लावलीय ते त्याने सांगायचं नाही. माझे अंदाज छापा-काटा केल्यासारखे आले. काकांनाही बसवायचा बेत होता, पण त्यांनी चहावर विषय संपवला.

हिशोब केला तर यात नवल नाही. माझ्या अ‍ॅम्पवर २२० वॉट लिहिलंय, म्हणजे साधारण एक अँपियर. दीड मीटरच्या ०.७५ वायरमध्ये जाऊन-येऊन ०.०८ ओहमच्या आसपास रोध, म्हणजे तेवढ्या करंटला ०.०८ व्होल्ट पडणार. २३० मधले! आमच्याकडे संध्याकाळी शेजारचे एसी लागले की मीटरवर याच्या कितीतरी पट फरक दिसतो. अ‍ॅम्प करंट सलग न घेता झटक्याझटक्याने घेतो, त्यामुळे जाड वायर कागदावर थोडी बरी ठरते, हे मान्य. पण डीपीपासून, म्हणजे इमारतीला वीज वाटणाऱ्या पेटीपासून, माझ्या सॉकेटपर्यंतची वायर तीच राहते ना!

बरं, घरघर होती, आणि ती कुठल्याच केबलने गेली नाही. गेली ती सेट-टॉप बॉक्सची डिशकडून येणारी वायर उपसल्यावर. तिकडून एक अर्थिंग, अ‍ॅम्पकडून दुसरं, आणि दोन्हींचं वेटोळं; घरघर त्यातूनच येत होती. टीव्हीचा आवाज आता ऑप्टिकल केबलने घेते. तिच्यातून वीज जातच नाही, त्यामुळे वेटोळं तुटलं. अशा वेळी अर्थिंगची पिन काढून टाका, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो. अ‍ॅम्पच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो बिनाअर्थिंगचाच बनवलेला आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

मग मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारात, जाऊन केबल करून घेतली. फिनोलेक्सची गोल थ्री-कोअर (आत तीन वायरी) दीड स्क्वेअर एमएम, अंगावर आयएसआयची खूण, तीन मीटर. एका टोकाला ६ अँपियरचा थ्री-पिन, दुसऱ्या टोकाला स्क्रूवाला आयईसी सी-१३, म्हणजे यंत्राच्या मागे बसणारा प्लग. दुकानदार १६ अँपियरचा प्लग गळ्यात मारत होता, पण माझ्या भिंतीत ६चंच सॉकेट आहे. वायरची टोकं नुसती पिळून स्क्रूखाली दाबायला निघाला तेव्हा मी लग (टोकांवर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) मारून मागितले. जरा कुरकुरला, पण मारले. अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायला त्याला सांगावं लागलं नाही; केबल ओढली गेली तर ती शेवटी सुटावी म्हणून तसं करतात. तिथे माझं मत त्याच्याबद्दल बदललं. प्लगमधली वायर धरून ठेवणारी क्लिप मात्र वायरच्या आवरणावर न बसता आतल्या कोअरवर बसली होती, ती घरी येऊन मी नीट केली. एकूण साडेसहाशेच्या आसपास. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मागा.

त्याच खेपेला भिंतीतलं सॉकेटही बदललं. जुन्यात पिन डुलायची आणि हात लावला तर कोमट लागायची. आता घट्ट बसते. माझ्या मते केबलच्या आधी हा खर्च करावा.

ज्यांचा रॅक भिंतीला चिकटून आहे त्यांनी काटकोनात वळलेला सी-१३ मागावा. माझ्या दुकानात तो नव्हता, दोन दुकानं पुढे होता.