चॅरिटीचं पोर्ट्रेट: भिंतीवर लावण्यासारखं आहे का?

चांगल्या कामासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल माझं मत फारसं बरं नाही. वाकड्या मेणबत्त्या, पहिल्याच धुण्यात रंग सोडणाऱ्या पिशव्या. नाही म्हणवत नाही म्हणून घ्यायच्या आणि माळ्यावर टाकायच्या. त्यामुळे दादरच्या एका सभागृहात एक चित्रकार बाई माणूस समोर बसवून पोर्ट्रेट काढतात आणि सगळे पैसे संस्थेला देतात, हे कळल्यावर मी आमच्या आप्पांना घेऊन गेले ती थोडी शंका मनात ठेवूनच. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांची राहण्या-जेवणाची सोय ही संस्था बघते. हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवरून एकदा चालत गेलं की या कामाला पैसे का लागतात हे कुणी सांगावं लागत नाही.

आधी पैशाचं. चारकोलचं, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढलेलं, चित्र २५०० रुपयांना, रंगीत खडूंचं पेस्टल त्याच्या दुप्पट. टेबलावरचा क्यूआर कोड थेट संस्थेच्या खात्याचा होता, बाईंच्या हातात एक रुपया जात नव्हता. कागद, रंग, बोर्डसुद्धा त्यांचेच. देणगीवर करात सवलत मिळते म्हणून मी ८०जीची पावती मागितली, तर तिथल्या मुलीने सरळ सांगितलं, "मावशी, तुम्हाला चित्र मिळतंय, म्हणजे ही देणगी नाही. वेगळी देणगी दिलीत तर पावती देते." बरोबर आहे तिचं. त्यात गंमत अशी की या सवलतीत वस्तूरूपाने दिलेलं दान धरतच नाहीत, त्यामुळे स्वतःची चित्रं लिलावाला देणाऱ्या चित्रकाराला करात दमडीची सवलत मिळत नाही. आपण मात्र 'करात सूट मिळत असेल हो त्यांना' असं खुशाल बोलून मोकळे होतो.

आता काम. बाईंनी बसल्याबसल्या आधी डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करायला लावली आणि आप्पांची खुर्ची खिडकीकडे वळवली. वरून उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि म्हातारा माणूस आजारी दिसतो, म्हणाल्या. डोळे किलकिले करून बराच वेळ नुसतं बघणं. मग चारकोल आडवा धरून सावल्यांचे मोठे डाग. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता धूर. माझा धीर सुटत चालला होता. त्या धुरातून कणकेसारख्या मळायच्या रबराने कपाळ उजळलं, नाकाचा कणा निघाला आणि एकदम आप्पा दिसायला लागले. रबर खोडायला नव्हे, चित्र काढायला वापरतात हे मी प्रथमच पाहिलं.

"काका, फोटोसारखं हसू नका. नेहमी कसे बसता?"

"रागावून," आप्पा म्हणाले.

"मग रागवा."

आप्पांनी गिरगावच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे हात काळे करून काम करणाऱ्या माणसाशी त्यांचं लगेच जमतं. बाई त्यांना सतत बोलतं ठेवत होत्या. गप्प माणसाचा चेहरा दगड होतो, हे त्यांचं म्हणणं. चष्मा काढायला लावला नाही, याबद्दल त्यांना वेगळे गुण. काडीची गालावर पडलेली सावली आणि वाचताना खालचा ओठ पुढे काढायची सवय, दोन्ही चित्रात आलंय. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर, काळा घोड्याच्या फुटपाथवरही चित्रकार समोर बसवून स्केच करतात आणि त्यातले काही तर फार तरबेज असतात, पण गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून वय थोडं कमी करायची त्यांची पद्धत असते. इथे आप्पा शहाऐंशीचेच आहेत.

खोट काढायचीच तर मान. कॉलरच्या आत ती खुंटासारखी रोवल्यागत वाटते आणि उजवा कान घाईत उरकलाय. पाऊण तासात हे व्हायचंच. तक्रार आहे ती आयोजकांबद्दल. चारकोल कागदावर टिकावा म्हणून मारायचा फिक्सेटिव्हचा स्प्रे बंद हॉलमध्येच फवारत होते, रांगेतले म्हातारे खोकून बेजार. बाहेर गॅलरी रिकामी होती की! आणि चित्र दिलं गुंडाळी करून. चारकोल गुंडाळला की पुसतो, त्यात परतीची लोकल. एक पुठ्ठा आणि वर बटर पेपर, एवढ्यावर भागलं असतं.

फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. मुंबईच्या पावसाळ्यात काचेला दमट कागद चिकटला की बुरशी आलीच. माउंटही अ‍ॅसिड-फ्री मागा, साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. फ्रेमवाला कुरकुर करेल, करू द्या.

फोटोवरूनही काढून मिळतं, पण मी ते सुचवणार नाही. शेजारच्या वहिनींनी मोबाइलमधल्या लग्नातल्या फोटोवरून सासूबाईंचं करून घेतलं. फ्लॅशने चेहरा सपाट झालेला, चित्रही तसंच सपाट. बाईंनी त्यांना आधीच सांगितलं होतं म्हणे. माणूस घरात असेल तर त्यालाच न्या, सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर त्या खिडकीत उजेड राहत नाही.