कॅप्स लॉकला माऊसच्या कामाला लावलं, त्याला सात महिने झाले

सुरुवात नाइलाजानं झाली. रविवारी रात्री अंकाची पानं लावत होते आणि माऊसचं डावं बटण एका दाबात दोनदा क्लिक करायला लागलं. एक शब्द निवडायला जावं, तर भलतंच काही उघडायचं. दुकानं बंद. मग ऑटोहॉटकी हे कीबोर्डच्या बटणांना हवी ती कामं लावून देणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. विंडोजवर चालतं, फुकट आहे, 2003 पासूनचं आहे.

त्याआधी विंडोजमधल्या माऊस कीज, म्हणजे कीबोर्डनं माऊस चालवायची सोय, करून पाहिल्या होत्या. त्यात नंबरपॅडवरच्या 5 नं क्लिक होतं, पण नंबरपॅड उजवीकडे आणि माझा उजवा हात माऊसवर. उपयोग शून्य.

ऑटोहॉटकीत साध्या नोटपॅडमध्ये एक ओळ लिहायची: आधी कीबोर्डवरच्या बटणाचं नाव, मग दोन कोलन, मग माऊसच्या बटणाचं नाव. झालं. मी कॅप्स लॉकला डावं क्लिक दिलं. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, त्यामुळे हे बटण माझ्याकडे वर्षानुवर्षं फुकटचा पगार घेत होतं. 1 या आकड्याच्या डावीकडच्या बटणाला उजवं क्लिक. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्डमध्ये तिथे ऱ्हस्व ओची मात्रा असते, ती मराठीला लागत नाही. मात्र इथे नाव न देता स्कॅनकोड, म्हणजे त्या बटणाचा ठरलेला क्रमांक, द्या, म्हणजे भाषा बदलली तरी गोंधळ नाही. एफ1 ला मधलं क्लिक. एक्सेलमध्ये एफ2 दाबताना चुकून उघडणारी ती मदतीची खिडकी गेली, हाच मोठा फायदा!

जुन्या नमुन्यांपासून सावध राहा. ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती डिसेंबर 2022 मध्ये आली, तिची लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. नेटवरून उचललेला जुना कोड बऱ्याचदा एरर देतो. माझी पहिली रात्र त्यातच गेली.

दोन दिवसांनी नवा माऊस आला, तरी ही सोय काढली नाही. कारण वेगळंच आहे. माऊसचं बटण दाबताना माऊस थोडासा हलतो, हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीची कड पकडताना तो केसभर हलणं महागात पडायचं. आता उजवा हात नेम धरतो, डावा दाबतो. धरून ओढणंही नीट होतं, कंट्रोल किंवा शिफ्टबरोबरचं क्लिकही चालतं. संध्याकाळी तर्जनी ठणकायची, तेही कमी झालं. पण दुसऱ्या महिन्यात डावी करंगळी कुरकुरायला लागली, कारण सगळा भार तिच्यावर. मग करंगळीऐवजी अनामिकेनं दाबायची सवय लावली. सवय लागायला तीन आठवडे गेले.

तक्रारी आहेत. टास्क मॅनेजरसारखी ॲडमिन हक्कांनी चालणारी खिडकी समोर असली की क्लिक होत नाही, नुसता कॅप्स लॉकचा दिवा लागतो. स्क्रिप्ट, म्हणजे त्या ओळींची फाईल, हीसुद्धा ॲडमिन म्हणून चालवली की प्रश्न सुटतो. लॉक स्क्रीनवर मात्र माऊसच हवा. घरातलं दुसरं कुणी कॉम्प्युटरवर बसलं की आधी घड्याळाशेजारच्या हिरव्या चिन्हातून स्क्रिप्ट थांबवावी लागते, नाहीतर आतून हाक येते, “अगं, हे आपोआप काय दाबलं जातंय?”

छापखान्यात त्यांच्या कॉम्प्युटरवर शेवटची दुरुस्ती करायला बसले की आजही माझं बोट कॅप्स लॉकवर जातं. तिथला ऑपरेटर आता न बोलता दिवा विझवतो.