सोफा फिरवून दाखवायचा कसा: तयार चित्रं की ब्राउझरमधलं थ्रीडी?

नागपुरात धरमपेठेतल्या एका फर्निचरवाल्याने परवा विचारलं, "गिऱ्हाईकाला मोबाइलवर स्वतःच सोफा सजवू द्यायचा, तर काय घेऊ?" वाटा दोन आहेत.

पहिली तयार चित्रांची. प्रत्येक रूप आधीच रेंडर करून, म्हणजे संगणकावर त्याचं चित्र बनवून ठेवायचं. साधा फोनही दमत नाही, सागवानाच्या रेषा आणि मखमलीची चमक फोटोसारखी दिसते. पण हिशेब मांडून पाहा: लाकडं ३, कापडं १२, पायांचे प्रकार ४, फिरवायला २४ कोन, झाली ३,४५६ चित्रं. गांधीबागेच्या कापडबाजारातून तेराव्या कापडाचा तागा आला की आणखी २८८. लाकूड, कापड, पाय यांच्या चित्रांचे थर वेगळे ठेवून एकमेकांवर बसवले तर आकडा घटतो, पण सावल्या जुळवताना घाम फुटतो.

दुसरी वाट ब्राउझरमध्येच थ्रीडी. ब्राउझरला थ्रीडी दाखवता यावं म्हणून असलेलं वेबजीएल तंत्र २०११ पासून आहे, थ्री.जेएससारखी लायब्ररी (तयार कोडचा संच) फुकट मिळते. मॉडेल एकच, कापड बदललं की फक्त टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेलं कापडाचं चित्र) बदलतं, सोफ्याची लांबीही वाढवून पाहता येते. दुखणं फाइलच्या वजनाचं. कारखान्याची कॅड फाइल (बारीकसारीक तपशिलांचा संगणकी आराखडा) जशीच्या तशी चढवली तर फोन इस्त्रीसारखा तापतो (आपल्याकडे मे महिन्यात तो आधीच तापलेला असतो म्हणा). म्हणून मॉडेलची जाळी (ज्या छोट्या त्रिकोणांनी आकार बनतो ती) हलकी करा, टेक्स्चर लहान ठेवा.

माझा कौल? पर्याय ठरावीक असतील तर चित्रं. मापं बदलायची असतील तर थ्रीडीच. आणि काहीही घ्या, किंमत सतत समोर दिसू द्या. स्क्रीनवरच्या रंगावर मात्र विसंबू नका, कापडाचा तुकडा घरी पाठवाच.