पॉइंटवाल्या ॲम्बॅसेडरसाठी टायमिंग लाइट: साधी पुरते, पण आधी गॅप

जुन्या पेट्रोल ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सीरिज घराण्यातलं. त्याचं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडावी ते, आजही अनेक गॅरेजांत कानानंच लावतात. डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, आवाज चढला की किंचित मागं घ्यायचा आणि बोल्ट आवळायचा. असं लावलेलं टायमिंग हमखास जास्त ॲडव्हान्स बसतं, म्हणजे ठिणगी हवी त्याआधीच पडते. आयडलला, म्हणजे लोड नसताना, इंजिन वाजवीपेक्षा जास्त ॲडव्हान्स खुशीनं घेतं. तीच गाडी माणसं भरून घाट चढू लागली की टोकटोक सुरू होते. म्हणून बारा व्होल्टची इंडक्टिव्ह (प्लगच्या वायरीवर नुसता चिमटा लावून चालणारी) टायमिंग लाइट घेणं आम्हाला योग्य वाटतं. प्रश्न फक्त कोणती घ्यायची, एवढाच आहे.

साधी लाइट एक नंबरच्या प्लगला करंट गेला की लखलखते, बाकी काही करत नाही. डायलवालीत मागं एक चकती असते. ती फिरवून पुलीवरची खाच शून्यावर आणायची आणि चकतीवरचा आकडा वाचायचा. या इंजिनाच्या टायमिंग कव्हरवर शून्य, पाच आणि दहा अंशांचे काटे मुळातच आहेत, सगळ्यांत लांब काटा टीडीसीचा, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाच्या शून्य अंशाचा. त्यामुळे आयडलचं टायमिंग लावायला साधी लाइट पूर्ण पुरते. शिवाय स्वस्त डायलचा आकडा खरा आहे की नाही हे तपासल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये. तपासणं सोपं आहे: चकती शून्यावर ठेवून खाच दहाच्या काट्यासमोर आणा, मग चकती दहावर न्या. खाच नेमकी टीडीसीच्या काट्यावर आली नाही, तर चकती चुकते आहे. वेग वाढवल्यावर एकूण ॲडव्हान्स मोजायचा असेल, तरच डायलचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

घेताना झगझगीत झेनॉनची घ्या. मंद लाइट दुपारच्या उजेडात निरुपयोगी ठरते, आणि कित्येक इंजिनांत हे काटे खालच्या बाजूला असतात, गाडीखालून बघावे लागतात. वायर लांब हवी. प्लग वायरीवर बसणारा चिमटा पाडू नका. त्यातला फेराइटचा तुकडा तडकला की लाइट मध्येच ठोके चुकवते आणि माणूस उगाच कॉइलला दोष देत बसतो. चिमट्यावरचा बाण प्लगकडे ठेवायचा, शेजारच्या वायरी बाजूला सारायच्या. नाहीतर तीन नंबरचा करंटही लाइट पेटवू शकतो.

आता मुख्य गोष्ट. पॉइंटची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, गॅप लावल्याशिवाय लाइट हातात घेऊ नये. गॅप बदलली की टायमिंग बदलतं, उलट होत नाही. गॅप कमी झाली तर पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग रिटार्ड होतं, म्हणजे मागं पडतं. ड्वेल (पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात तो कोन) एक अंशानं वाढला की टायमिंग क्रँकवर साधारण एक अंश मागं जातं. पॉइंटचं फायबर (कॅमवर टेकणारा तुकडा) कॅमवर झिजत असतं, म्हणून लावलेलं टायमिंग हळूहळू आपोआप रिटार्ड होत राहतं. नवा सेट बसवताना कॅमवर ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. ग्रीस जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

लुकासच्या २५डी४ जातीच्या डिस्ट्रिब्युटरला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणजे चौदा ते सोळा थाऊ (इंचाचा हजारावा भाग). फायबर कॅमच्या टोकावर असतानाच मोजायची. फिलर गेज नव्या पॉइंटवरच खरं बोलतं. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा आलेला असतो, गेज उंचवट्याला लागतं आणि खरी गॅप मोठी निघते. तिथं ड्वेल मीटर लावा: ६० अंश, तीनएक इकडंतिकडं चालेल. पॉइंट लवकर निळे-काळे पडत असतील तर कंडेन्सर बदला. जुन्या सुट्या भागांच्या सेटमध्ये स्प्रिंगखालचा इन्सुलेशनचा वॉशर उलटसुलट बसला तर करंटच येत नाही. नवा सेट टाकल्यावर गाडी बंदच पडली, तर आधी तिथंच बघावं.

यानंतर डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद करा. इंजिन गरम आणि आयडल शांत हवं, वेग जास्त असला तर डिस्ट्रिब्युटरमधली, वेगाबरोबर ॲडव्हान्स वाढवणारी वजनं उघडू लागतात आणि आकडा फसवा येतो. मॅन्युअलमध्ये स्टॅटिक (इंजिन बंद ठेवून लावायचे) आणि लाइटचे आकडे वेगळे असतील तर लाइटचाच धरा. खाचेत पांढरा रंग भरा. रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे ॲडव्हान्ससाठी बॉडी घड्याळाच्या दिशेनं वळवायची. शेवटच्या अंशभरासाठी ए आणि आर लिहिलेली छोटी चाकी आहेच: अकरा टिकटिकींना एक अंश. ही सोय फार कमी गाड्यांना लाभली आहे आणि ती न वापरणं हा तिचा अपमान आहे.

लाइटची खरी किंमत यापुढं कळते. खाच एका जागी न थांबता नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश किंवा टायमिंग चेन झिजली आहे, कितीही नवे पॉइंट टाकले तरी फरक पडणार नाही. वेग वाढवला तरी खाच हलत नसेल तर वजनं जाम आहेत. नळी जोडल्यावर थ्रॉटल किंचित उघडूनही फरक दिसला नाही, तर व्हॅक्यूमचा पडदा फाटला असेल. टेस्ट लॅम्प यातलं काहीच दाखवत नाही. त्यानं स्टॅटिक टायमिंग मात्र छान लागतं.

एक धोका कधीही विसरू नका. लाइटच्या झोतात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो. सैल बाही, लाइटची वायर, हात, सगळं पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब.

लाइट फक्त खाच दाखवते, खाच खरी आहे का ते सांगत नाही. पुली बदललेली असेल तर आधी टीडीसी तपासा: सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवा, क्रँक हातानं दोन्हीकडं हलकेच अडेपर्यंत फिरवा आणि दोन्ही वेळा टीडीसीच्या काट्यासमोर पुलीवर खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. खाच तिथं नसेल तर नवी खूण कोरा आणि जुनी रंगानं बुजवून टाका.